‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणे! कुठं, ते तपासायची रीत

‘शास्त्रात लिहिलंय’ असं कुणी म्हणालं की त्यात चार निरनिराळे दावे असतात. ते वाक्य त्या ग्रंथात आहे, हा पहिला. त्याचा अर्थ सांगितला जातो तोच आहे, हा दुसरा. ते मूळचं आहे, मागाहून कुणी घुसडलेलं नाही, हा तिसरा. आणि ते खरं आहे किंवा तसं वागणं योग्य आहे, हा चौथा. वाद चिघळतात ते या चारांची खिचडी होते म्हणून. एकजण ‘असं ग्रंथात नाहीच’ म्हणत असतो, दुसरा ‘पण आमची श्रद्धा आहे’ असं उत्तर देतो. दोघांचे प्रश्नच वेगळे असल्यावर तासाभराने हाती काय लागणार?

तपासणी याच क्रमाने करा. पहिल्या पायरीवर ‘नाही’ आलं तर पुढच्या तिन्ही पायऱ्यांचे कष्ट वाचतात. पहिल्या तिन्हींवर ‘हो’ आलं तरी चौथा प्रश्न जसाच्या तसा उरतो. हे श्रद्धाळूही विसरतात आणि त्यांच्याशी भांडणारेही.

आधी पत्ता मागा

‘महाभारतात आहे’, ‘वेदांत आहे’ हा काही पत्ता झाला नाही. महाभारताचा पत्ता म्हणजे पर्व, अध्याय, श्लोक आणि आवृत्ती. ऋग्वेदाचा म्हणजे मंडल, सूक्त, ऋचा. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी, तुकोबांसाठी गाथ्याची आवृत्ती आणि अभंगाचा क्रमांक.

आवृत्ती कशाला हवी? गोरखपूरच्या गीता प्रेसची प्रत, टीकाकार नीलकंठाच्या टीकेसह छापलेली प्रत आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती यांचे अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. सांगितलेल्या जागी श्लोक दिसला नाही म्हणून लगेच ‘थाप आहे’ म्हणू नका. पाच अध्याय मागे आणि पाच पुढे चाळा. गीतेतही हे होतं. तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला काही प्रतींत ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ हा अर्जुनाचा प्रश्न छापतात, काहींत नाही. तो असला की अध्याय ३५ श्लोकांचा आणि गीता ७०१ ची. नसला की ३४ आणि ७००. म्हणजे तेराव्यातला कुठलाही संदर्भ एका आकड्याने सरकलेला असू शकतो. गुरुचरित्राच्या प्रतींत तर ५१, ५२ आणि अवतरणिका धरून ५३ अशा तिन्ही तऱ्हा भेटतात.

सगळ्यांत निसरडा पत्ता म्हणजे ‘स्कंदपुराण’. घरोघरच्या सत्यनारायणाच्या कथेत प्रत्येक अध्यायाअखेर ‘इति श्रीस्कन्दपुराणे रेवाखण्डे’ असं म्हटलं जातं. पण स्कंदपुराण हा एका बैठकीत कुणी बांधलेला ग्रंथ नव्हे. निरनिराळ्या तीर्थांची माहात्म्यं, व्रतकथा शतकानुशतकं या नावाखाली येऊन बसत गेल्या. नेपाळात सापडलेली स्कंदपुराणाची ताडपत्रावरची पोथी इसवी सन ८१० ची आहे, आणि आज छापील प्रतींत दिसणारी खंडांची मांडणी तिच्यात नाहीच. तेव्हा ‘स्कंदपुराणात आहे’ असं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या खंडात, कोणत्या प्रतीत, आणि ती प्रत केव्हाची?

पत्ता मागितल्यावर समोरचा चिडला म्हणून तो खोटारडा ठरत नाही. बहुतेकदा त्यालाही ते कुठून तरी आयतंच आलेलं असतं. ‘तुम्हाला हे कुठं वाचायला मिळालं?’ असं विचारलं तर माणूस शोधायला लागतो. ‘पुरावा दाखवा’ म्हटलं की हमरीतुमरीवर येतो.

शोधताना

चिकित्सक महाभारत, वाल्मीकि रामायण, ऋग्वेद, मनुस्मृती, गीता यांच्या संहिता आज संगणकावर शोधता येतात. अडचण येते ती शब्द टाकताना. संस्कृतात संधीमुळे शब्दाचा शेवट बदलतो. ‘धर्मः’ असं विसर्गासह शोधलंत तर ‘धर्मस्तथा’ हाती लागणार नाही. म्हणून वचनातला असा तुकडा निवडा ज्याच्या दोन्ही टोकांना फारसा बदल संभवत नाही, आणि तो शक्यतो दोन शब्दांचाच ठेवा. ‘धर्मं’ आणि ‘धर्मम्’ अशी दोन्ही रूपं टाकून पाहा. रोमन लिपीतल्या संहितेत शोधत असाल तर त्या जागेची लिप्यंतराची पद्धत आधी पाहून घ्या. नाहीतर ‘सापडलं नाही’ हे उत्तर ग्रंथाचं नसतं, तुमच्या कळफलकाचं असतं.

एक नमुना पुरता पाहू. ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ हे वचन महाभारताच्या नावावर फिरतं. पहिला अर्धा भाग गांधीजींनी सांगितला आणि दुसरा लपवला, अशी पुस्तीही बरोबर येते. ‘अहिंसा परमो’ एवढाच तुकडा शोधा. आदिपर्वात मिळतं ‘अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः’. आरण्यकपर्वात धर्मव्याध म्हणतो, ‘अहिंसा परमो धर्मः स च सत्ये प्रतिष्ठितः’. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसाहाराविषयी सांगताना ‘अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः’ म्हणतात. पुढचे चरण वेगवेगळे आहेत, आणि त्यांत ‘धर्महिंसा तथैव च’ कुठंच नाही. आता ‘धर्महिंसा’ हा शब्द स्वतंत्रपणे शोधा. तसंही हे वचन मिळत नाही. वचन या ग्रंथातलं नाही, इथे पहिली पायरी संपली.

पण इथेच तोल जातो. एवढ्यावरून ‘महाभारत युद्धाला विरोध करतं’ असा निष्कर्ष काढाल तर तीच चूक उलट्या बाजूने होईल. धर्मयुद्धाचं समर्थन महाभारतात पानोपानी आहे. तुम्ही सिद्ध केलंत ते एवढंच, की ही ओळ तिथली नाही. तेवढंच सांगा.

मराठी ग्रंथांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. गाथ्याच्या शेवटी अभंगांची अकारादि सूची असते. ती पहिल्या ओळीची असते, आणि लोकांच्या तोंडी असतं ते बहुधा मधलं कडवं किंवा ध्रुपद. म्हणून सूचीत नाही म्हणजे गाथ्यात नाही, असं समजू नका. छापील गाथ्यात अनुस्वार भरपूर आणि अव्ययं सुटी असतात (‘आम्हांसी च ठावा’), त्यामुळे शोधताना अनुस्वार नसलेला शब्द घ्या. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा शेवटी असणं हा पुरावा नव्हे. ती जोडायला पैसे पडत नाहीत.

आणि आवृत्ती जुनी धरा. तुकोबांच्या गाथ्याची १८६९ ची इंदुप्रकाश आवृत्ती देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस इथल्या हस्तलिखितांवरून सिद्ध झाली, आणि पुढे शासनाने १९५० मध्ये काढलेला गाथा तिच्याच आधाराने आला. जुनी प्रत का, याचं उत्तर एका ओळीत मिळतं. आपण सगळे ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ म्हणतो. गाथ्यात आहे ‘भले तरि देऊं गांडीची लंगोटी’. सोवळेपणापायी एक शब्द बदलला आणि बदललेलाच पाठ झाला. कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. बहुतेक पाठभेद असेच, चांगल्या हेतूनेच होतात.

मागचं-पुढचं वाचा

वचन सापडलं की त्याच्या मागचे आणि पुढचे किमान दहा-दहा श्लोक वाचा. तीन गोष्टी पाहायच्या: बोलतंय कोण, कुणाशी, आणि त्याला उत्तर काय मिळालं. महाभारतात दुर्योधनही नीतिवचनं सांगतो आणि शकुनीही. भाष्यग्रंथांत तर जास्त जपावं लागतं. तिथे आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, जोरदारपणे मांडायचं आणि मग खोडून काढायचं अशी पद्धत असते. पूर्वपक्षातलं वाक्य उचलून ‘पाहा, आचार्य काय म्हणतात’ असं सांगणारे विद्वान दोन्ही छावण्यांत आहेत.

हे किती महाग पडू शकतं ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात दिसतं. सातवी ऋचा अशी आहे: ‘इमा नारीरविधवाः सुपत्नीराञ्जनेन सर्पिषा सं विशन्तु । अनश्रवोऽनमीवाः सुरत्ना आ रोहन्तु जनयो योनिमग्रे ॥’ सतीच्या चालीला वेदाचा आधार म्हणून ती उद्धृत होत असे, आणि तेव्हा शेवटचं ‘अग्रे’ हे ‘अग्नेः’ होऊन येई: ‘पुढे’ जायचं ते ‘अग्नीच्या’ ठिकाणी. सोळाव्या शतकातल्या बंगालच्या रघुनंदनाच्या स्मृतिनिबंधाच्या आधारे हा पाठ चालला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विल्सन आणि माक्स म्युलर या संस्कृतच्या युरोपीय अभ्यासकांनी संहितेशी ताडून तो चुकीचा असल्याचं दाखवलं.

आता संहिताही बाजूला ठेवा आणि नुसतं मागचं-पुढचं पाहा. ऋचेच्या दुसऱ्याच शब्दाला लागून ‘अविधवाः’ आहे. ज्यांचे नवरे जिवंत आहेत अशा बायकांबद्दल ती आहे. त्यांनी डोळ्यांत अंजन घालून पुढे यावं, म्हणून. आणि लगेच आठवी ऋचा मृताजवळ निजलेल्या विधवेला म्हणते: ‘उदीर्ष्व नार्यभि जीवलोकम्’, बाई ऊठ, जिवंतांच्या जगात ये. पाठभेदाचं काहीही ज्ञान नसलेल्या माणसालाही दोन ऋचा सलग वाचून शंका आली असती. वेदांची मौखिक परंपरा पद, क्रम, घन अशा पाठांनी अक्षर न् अक्षर राखून आहे, हे खरंच. पण संहिता शुद्ध राहिली म्हणून तिच्यातून दिलेला उतारा शुद्ध असतो असं नाही. घोटाळा उताऱ्यात झाला होता.

मूळचं की मागाहूनचं

इथे चिकित्सक आवृत्ती लागते. महाभारताची आवृत्ती भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झाली, वि. स. सुकथनकरांनी आदिपर्व सिद्ध केलं आणि सगळं काम १९६६ मध्ये पुरं झालं. वाल्मीकि रामायणाची अशीच आवृत्ती बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली.

महाभारताच्या खंडाचं पान उघडलं की घाबरायला होतं, पण ते वाचता येतं. वर मोठ्या टाइपात संपादकांनी निश्चित केलेली संहिता. शब्दाखाली नागमोडी रेघ असेल तर त्या पाठाबद्दल त्यांना स्वतःलाच खात्री नाही. खाली बारीक टाइपात पाठभेद, आणि प्रत्येकापुढे हस्तलिखितांच्या खुणेची अक्षरं: शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींवरून ठेवलेली. काही ओळींच्या आकड्याला तारा जोडलेला असतो. त्या फक्त काही प्रतींत आहेत, म्हणून मूळ संहितेत घेतलेल्या नाहीत. लांबलचक वगळलेले भाग खंडाअखेर परिशिष्टात. नियम साधा आहे: काश्मीरची शारदा प्रत आणि केरळची मल्याळम प्रत एकमेकींपासून दूर वाढल्या. दोघींत जे आहे ते जुनं असण्याची शक्यता मोठी. जे एकाच प्रदेशातल्या प्रतींत आहे ते तिथे भर पडलेलं असण्याची.

या चाळणीतून व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही गोष्ट परिशिष्टात गेली. लक्ष्मणरेषा तर वाल्मीकींच्या रामायणात नाहीच. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही तिचा उल्लेख लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडून ओझरता येतो. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या नावावरचं वाक्य चिकित्सक सभापर्वात शोधून सापडणार नाही.

पण चिकित्सक आवृत्ती म्हणजे व्यासांच्या हातची प्रत नव्हे, हेही लक्षात असू द्या. उपलब्ध हस्तलिखितांतून मागे जितकं जाता येतं तितकं ती जाते, त्यापलीकडे नाही. वस्त्रहरणाचंच घ्या. द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा सभापर्वाच्या निश्चित संहितेत नाही. वस्त्रं नुसती येत राहतात. पण उद्योगपर्वात, त्याच आवृत्तीच्या मूळ संहितेत, कृष्ण म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने (म्हणजे द्रौपदीने) ‘गोविंद’ म्हणून मला हाक मारली, ते ऋण माझ्या हृदयातून जात नाही. आता धावा मागाहूनचा म्हणायचा की नाही? जाणकारांत मतभेद आहेत. तुम्हीही तेवढंच म्हणा.

गीतेचंही एक कोडं आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात सातशे श्लोक सांगितले आहेत आणि तेव्हापासून आकडा ठाम आहे. पण महाभारताच्या प्रचलित प्रतींत गीतेनंतर तिचं ‘मान’, म्हणजे कुणाचे किती श्लोक ही मोजदाद, दिलंय: केशवाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १. बेरीज ७४५. आपल्या गीतेत अर्जुनाचे श्लोक याहून जास्त आणि संजयाचे कमी भरतात, म्हणजे नुसते ४५ श्लोक हरवले म्हणूनही हिशोब लागत नाही. चिकित्सक आवृत्तीने हे मानाचे श्लोक मूळ संहितेत धरलेले नाहीत. तेव्हा ‘गीतेचे ४५ श्लोक गायब केले’ असा लेख आला तर त्याने हा तपशील दिलाय का ते बघा.

पोथी तपासणं ही पाश्चात्त्यांनी शिकवलेली खोड आहे असं कुणी म्हणालं तर नाथांचं नाव घ्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून ती शुद्ध केली आणि कारणही लिहून ठेवलं: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध’. पुढे मऱ्हाटी ओवी करून तिच्यात भर घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली, अशी तंबीही दिली. भर घालणारे होते, म्हणूनच ना?

आता सर्वांत मोठी चूक. जे पटत नाही ते प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेलं, म्हणायचं. मनुस्मृतीत ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ (३.५६) आहे आणि ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ (९.३) हेही आहे. एका बाजूचे लोक दुसरा श्लोक इंग्रजांनी घुसवला म्हणतात. दुसऱ्या बाजूचे पहिला श्लोक असल्याचंच सांगत नाहीत. प्रक्षिप्त ठरवायला पुरावा लागतो: जुन्या हस्तलिखितांत नसणं, जुन्या टीकाकाराने त्यावर टीका न करणं, वृत्त किंवा भाषा अचानक बदलणं, आधीचा आणि नंतरचा श्लोक जोडला तर वाक्य सलग लागणं. मेधातिथीसारख्या नवव्या शतकाच्या सुमाराच्या भाष्यकाराने एखाद्या श्लोकावर लिहिलं असेल, तर तो इंग्रजांनी घातला हे म्हणणं तिथेच संपतं. आणि समजा एखादा श्लोक खरोखरच मागाहूनचा निघाला, तरी त्यावर हजार वर्षं जो कारभार चालला तो काही प्रक्षिप्त ठरत नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं ते पाठभेदाच्या वादातून झालेलं नव्हतं. प्रश्न चौथ्या पायरीवरचा होता.

हीच रीत इतर धर्मांच्या ग्रंथांनाही लावा, आणि आपल्या धर्माला लावतो तितक्याच कडकपणे. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं (१६:९–२०) चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या मोठ्या प्रतींत नाहीत. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, बाबतीत सांगणाऱ्यांची साखळी तपासून सहीह (खात्रीची), हसन (बरी), जईफ (कच्ची) अशी प्रतवारी करण्याचं शास्त्र मुस्लिम विद्वानांनीच उभारलं, आणि ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ ही भाषणांत हमखास येणारी हदीस त्या कसोटीवर कच्ची ठरते. बुद्धांचं ‘मी सांगतो म्हणून मानू नका, तुमच्या तर्काला पटेल तेच माना’ हे वाक्य कालामसुत्तावर बेतलेलं आहे. अंगुत्तर निकायातलं ते सुत्त काढून वाचा. कशावर विसंबू नये याच्या दहा गोष्टींत पिटकात (धर्मग्रंथात) आहे म्हणून मानणं आहे, आणि नुसत्या तर्काने पटलं म्हणून मानणंही आहे. फिरणाऱ्या वाक्यात नेमका हा दुसरा भाग उलटा झालेला असतो.

भाकितं आणि विज्ञान

‘हे सगळं भविष्यपुराणात आधीच लिहिलेलं होतं’ असं आलं की एक प्रश्न पुरतो: ज्या प्रतीत लिहिलंय ती प्रत घटनेच्या आधीची आहे का? भविष्यपुराणाच्या छापील प्रतिसर्गपर्वात अकबर, कबीर, नानक आणि इंग्रजही आहेत. त्यातच ‘रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी’ असा श्लोक आहे. संडे, फेब्रुवारी हे शब्द ज्याच्या कानावर पडले त्याच्या काळाच्या आधीचा तो मजकूर असू शकत नाही. कुठल्याही ग्रंथाचा काळ असाच ठरतो: त्यात आलेली सगळ्यांत अलीकडची गोष्ट पकडायची.

विज्ञानाचे दावे जरा जास्त चिवट असतात, कारण तिथे आकडे जुळलेले दाखवतात. ऋग्वेद १.५०.४ वरच्या चौदाव्या शतकातल्या सायणभाष्यात एक वचन आहे: अर्ध्या निमिषात २२०२ योजनं जाणाऱ्या सूर्या, तुला नमस्कार. यातून प्रकाशाचा वेग निघतो असं सांगतात. कागद-पेन्सिल घ्या.

योजन म्हणजे किती? सूर्यसिद्धान्तात पृथ्वीचा व्यास १६०० योजनं आहे, त्यावरून योजन सुमारे ८ किलोमीटर. आर्यभटाच्या मते तोच व्यास १०५०, म्हणजे योजन १२ किलोमीटरच्या थोडं वर. दावा करणारे साधारण नऊ मैल धरतात, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. निमिष म्हणजे किती? मनुस्मृतीत (१.६४) अठरा निमिषांची काष्ठा आहे, विष्णुपुराणात पंधराची, पुढे दोन्हींत तीस-तीसच्या पटीने कला, मुहूर्त, अहोरात्र. दिवसाचे ८६,४०० सेकंद भागले की निमिष येतं मनूप्रमाणे सुमारे ०.१७८ सेकंद आणि विष्णुपुराणाप्रमाणे ०.२१३. तीन योजनं, दोन निमिषं: उत्तरं सहा. सेकंदाला सुमारे १.६५, १.९८, २.५, ३, ३ आणि ३.६ लाख किलोमीटर. सहांपैकी दोन प्रकाशाच्या वेगाशी जुळतात. ती दोनच तुम्हाला दाखवली जातात. शिवाय वचनात चालणारा आहे तो सूर्य, प्रकाश नव्हे. आणि हे कसं मोजलं याचा उल्लेख नाही. खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा पुढे-मागे होतात हे दाखवून प्रकाशाला वेळ लागतो म्हटलं, तेव्हा दुसरा माणूस दुर्बीण लावून ते पडताळू शकत होता.

जुळणारा आकडा दिसला की नेहमी विचारा: मोजमापं आधी ठरवली की उत्तर?

फलश्रुती तपासायची असेल तर

पोथीच्या शेवटी ‘जो हे नित्य पठण करी’ त्याला काय मिळेल याची यादी असते. श्रद्धेने वाचणाऱ्याला कुणी अडवू नये. पण ‘हमखास गुण येतो’ असा दावा कुणी करत असेल, विशेषतः त्यासाठी पैसे घेत असेल किंवा औषध बंद करायला सांगत असेल, तर तो तपासता येतो. पारायण सुरू व्हायच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहा: नेमकं काय होणार, कोणत्या तारखेपर्यंत, झालं की नाही हे कोण ठरवणार, आणि झालं नाही तर दावा चुकला असं मानणार का. चौथ्यावर सही मिळत नाही, असा अनुभव येईल. मग त्याच काळात, तशाच अडचणीत असलेल्या पण पारायण न केलेल्या लोकांचं काय झालं तेही नोंदवा. नोकरी लागलेल्या पारायणवाल्याची गोष्ट सगळे सांगतात. न लागलेला गप्प बसतो, म्हणून तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

इथली नेहमीची पळवाट ‘मनोभावे केलं नसेल’ ही. तिची तजवीज कथेतच असते. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी व्रत पुढे ढकलतो आणि तुरुंगात जातो. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावते आणि नाव बुडते. फळ मिळालं तर व्रताचं, नाही मिळालं तर करणाऱ्याच्या चुकीचं, अशी दोन्ही टोकं बांधलेली असली की तो दावा तपासण्याजोगाच उरत नाही. तसं स्पष्ट सांगा. ‘खोटा ठरला’ म्हणू नका.

घरात आणि बाहेर

आजी पारायणाला बसलेली असताना हे काढू नका. तिला पाठभेद विचारणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. ग्रंथ तिच्यासाठी पुरावा नसतो, सोबत असते. प्रश्न तिथे विचारा जिथे ग्रंथाच्या नावाने कुणावर काही लादलं जातंय: पाळीत बाजूला बसणं, लग्नाला नकार, उपचार थांबवणं. अशा वेळी चौथ्या पायरीवरून सुरुवात करा. श्लोक असो वा नसो, मुलीला दवाखान्यात न्यायचं की नाही हे श्लोकावर ठरू द्यायचं नाही. ‘खरं तर शास्त्रात असं नाहीच’ हा सोपा युक्तिवाद टाळा. उद्या कुणी शास्त्रात असलेला श्लोक काढून दाखवला तर तुमचं सगळंच म्हणणं पडतं.

लिहून प्रसिद्ध करणार असाल तर कायदा माहीत हवा. धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीचं कलम २९५-अ ते हेच. म्हणून ग्रंथाविषयी लिहा, तो मानणाऱ्यांविषयी नव्हे. विशेषणं गाळा. मूळ ओळ, पूर्ण पत्ता, आवृत्तीचं वर्ष आणि आपला अर्थ वेगवेगळा दाखवा. वचन सापडलं नसेल तर ‘असं वचनच नाही’ असं न लिहिता ‘भांडारकर आवृत्तीत आणि गीता प्रेसच्या प्रतीत या शब्दांनी शोधलं, मिळालं नाही’ असं लिहा, आणि शोधलेले शब्दही द्या. कुणाला ते तिसऱ्या प्रतीत सापडलं तर तो तुम्हाला पत्ता कळवेल, आणि मग पुन्हा पहिल्या पायरीवरून पाहता येईल.